कुत्र्याच्या जातीवर बंदी, की मालकावर जबाबदारी?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे केळीच्या बागेत राखणीला कुत्रं लागतंच. पूर्वी ते गावठी असायचं, आता कुठे कुठे पिटबुल, रॉटवायलर असे दांडगे विदेशी कुत्रेही दिसतात. मजुरांची लेकरं त्याच बांधावरून ये-जा करतात, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

बंदी सोपी दिसते. 12 मार्च 2024 ला केंद्राने धोकादायक मानलेल्या 23 जातींच्या कुत्र्यांची विक्री आणि पैदास थांबवायला राज्यांना कळवलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांत ते परिपत्रक टिकलं नाही. संबंधितांचं म्हणणं ऐकलंच नव्हतं. शिवाय संकरित पिल्लू नेमकं कोणत्या जातीचं, हे नुसतं बघून ठरवणार कोण? नेदरलँड्सने 1993 मध्ये पिटबुलवर बंदी घातली, चावे कमी होईनात म्हणून 2008 मध्ये उठवली. तरी बंदीवाल्यांचं एक म्हणणं मला पटतं: दांडग्या जबड्याचा कुत्रा तुटून पडला की लेकराच्या जिवावर बेततं.

मालकाला धरायचं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे. जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ही कारवाई बहुतेकदा कुणाला चावल्यावरच होते.

माझा कल तरीही मालकाकडेच. दिवसभर साखळीला बांधून, मारून चिडकं केलेलं गावठी कुत्रंही घातकच. बंदीच्या यादीत ते कधीच येणार नाही. आधी ग्रामपंचायतीत नोंद, रेबीजची लस, बाहेर नेताना तोंडाला मुसकं आणि मळ्याला धड कुंपण, एवढं सक्तीचं करा.