लिफ्टनंतर बसवलेला डबल कार्डन शाफ्ट: १४ महिन्यांचा अनुभव

सस्पेंशन बदलून गाडी कायमची अडीच इंच उचलली (लिफ्ट केली) आणि ताशी ७५ च्या पुढे पायाखालचा पत्रा थरथरू लागला. चाकं बॅलन्स केली, काडीचा फरक नाही. दोष मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे मागच्या ॲक्सलला ताकद पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याच्या कोनात होता. साध्या शाफ्टला दोन्ही टोकांना एकेक क्रॉस (कोनात वळूनही फिरणारा सांधा) असतो. दोन्हीकडचे कोन सारखे आणि मर्यादेत असले, तरच एकाचा हिसका दुसरा पचवतो. गाडी उचलली की उतार वाढतो आणि ते गणित बिघडतं.

म्हणून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) टोकाला दोन क्रॉस असलेला डबल कार्डन शाफ्ट घेतला. नुसता बसवून भागलं नाही. याला पिनियन (ॲक्सलचं शाफ्ट जोडायचं टोक) हा शाफ्टच्या रेषेत, अंश-दीड अंश खाली झुकलेला लागतो, कारण जोर लागला की ॲक्सल पिळवटून पिनियनचं नाक वर येतं. पाटे आणि ॲक्सलच्या मधे पाचर घालून कोन जुळवला, तेव्हा कुठे थरथर थांबली.

आता खरी गोष्ट. दर ५,००० किलोमीटरला आणि पाण्यातून गाडी काढली की लगेच मी ग्रीस मारायचो. क्रॉसच्या चारही कपांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत. तरी नवव्या महिन्यात सावकाश चालवताना चिक्-चिक् ऐकू येऊ लागलं. क्रॉस ठणठणीत होते. वाळला होता तो दोन क्रॉसच्या मधला, त्यांना एका रेषेत धरणारा सेंटरिंग बॉल. त्याचं निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) आत दडलेलं असतं. ग्रीस गनचं नेहमीचं टोक तिथे पोचत नाही, गनला सुईसारखं टोक लावावं लागतं आणि शाफ्ट फिरवून फट समोर आणावी लागते. मला हे निप्पल आहे हेच माहीत नव्हतं. बॉलवर नखाला लागेल एवढी खाच पडली होती, बाजूला तांबूस भुकटी. तो भाग बदलावा लागला. शाफ्ट उतरवण्यापूर्वी योक (क्रॉस धरणारा दुबेळका भाग) आणि फ्लँजवर (तो जिथे बोल्टने जोडतात ती चकती) रंगाची खूण करा, म्हणजे परत तसाच जोडता येईल. स्लिपच्या (शाफ्ट लांब-आखूड होऊ देणाऱ्या दातेरी जोडाच्या) दोन्ही भागांवरही करा, एका गॅरेजने माझा शाफ्ट एक दात सरकवून जोडला आणि थरथर परत आली.

तपासताना गियर न्यूट्रल, चाकांना ठोकळे, मग शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसमधे जराही खडखड नको.

ज्यांची गाडी इंचभरच उचललेली आहे आणि थरथर नाही, त्यांनी मूळ शाफ्टच ठेवावा. त्याचे दोनच क्रॉस सांभाळणं सोपं. मी मात्र हाच शाफ्ट परत घेईन, सोबत सुईचं टोकही.