वीतभर अंतरावर अडलेली लेन्स

जाहिरातीतले ते तीन फोटो मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिले होते. पाकळीवर थेंब असलेलं एक फूल. एका मनगटी घड्याळाची तबकडी. आणि एक जुनं नाणं, ज्याच्या कडेची झीजसुद्धा स्पष्ट दिसत होती. त्या स्वच्छपणाची मला भुरळ पडली. या तिन्ही वस्तू लेन्सपासून जेमतेम वीतभर अंतरावर आहेत, हे मात्र एकदाही मनात आलं नाही. माझी सगळी फसवणूक त्या वीतभरात होती. जुन्या मॅन्युअल लेन्स अडॅप्टर (मधली जोडणारी नळी) लावून मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर वापरायचा विचार तुम्ही करत असाल, तर हे शेवटपर्यंत वाचा अशी विनंती आहे.

मला हवी होती इंडस्टार-६१ एल/झेड. सोव्हिएत काळातली, ५० मिमी फोकल लांबीची, एफ २.८, एम४२ म्हणजे ४२ मिमी व्यासाच्या आट्यांची, फिरवून बसवायची. हिचं ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) थोडं मिटलं, म्हणजे एफ ५.६ च्या आसपास आणलं, की पात्यांमधली फट सहा टोकांच्या चांदणीसारखी होते आणि मागचे धूसर दिवे चांदण्या होऊन फोटोत उतरतात. पाण्याचे थेंब आणि रात्रीचे दिवे हा माझा जुना नाद. तशा चांदण्या मला स्वतः टिपायच्या होत्या, एखादं फिल्टर लावून आणलेल्या नकोत.

जाहिरातीत नाव हेच होतं आणि पहिला फोटोही याच लेन्सच्या पुढच्या बाजूचा होता. विक्रेत्याशी बोलणं झालं. माणूस गोड बोलत होता. "मॅडम, तुमचा कॅमेरा कुठला?" सोनीचा, ई माउंटचा, असं मी सांगितलं. माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती बैठक. "मग नुसती लेन्स घेऊ नका. बाहेरचे अडॅप्टर कमीजास्त जाडीचे असतात, इन्फिनिटी, म्हणजे अगदी दूरचा फोकस, मिळत नाही. मी या लेन्सशी जुळवून तपासलेला अडॅप्टर देतो. बसवायचा आणि फोटो काढायचे." त्या 'जुळवलेल्या' अडॅप्टरसाठी त्याने साध्या अडॅप्टरच्या कितीतरी पट पैसे घेतले. त्याच्या बोलण्यातला पहिला भाग खरा होता, म्हणून मी दुसऱ्या भागावरही विश्वास ठेवला.

तो पहिला भाग समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक माउंटसाठी लेन्सची बैठक आणि सेन्सर किंवा फिल्म यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. त्याला फ्लँज अंतर म्हणतात. एम४२ चं हे अंतर ४५.४६ मिमी. सोनी ई चं १८ मिमी. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे हे अंतर इतकं कमी ठेवता येतं आणि उरलेल्या जागेत अडॅप्टर बसतो. ४५.४६ मधून १८ वजा केले की २७.४६ मिमी उरतात, ती झाली अडॅप्टरची जाडी. त्यात काच नसते, इलेक्ट्रॉनिक्स नसतं. आतून काळी केलेली धातूची नळी, एवढंच. तिचं काम एकच, लेन्सला तिच्या मूळच्या अंतरावर धरून ठेवायचं.

पार्सल आलं. लेन्स आणि अडॅप्टर आधीच एकमेकांना जोडलेले होते. कॅमेऱ्यात 'लेन्स नसताना शटर' हे सेटिंग चालू केलं, फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लावलं आणि खिडकीतून समोरच्या झाडाकडे कॅमेरा धरला. सगळं पांढुरकं, विरघळलेलं. रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, तरी झाड काही आकारात येईना. खोलीतल्या खुर्चीकडे वळले, तीही नाही. हात लेन्ससमोर धरला तेव्हा बोटांवरच्या रेषा लख्ख दिसल्या. पीकिंगचा रंग फक्त तिथे चमकला.

मी विक्रेत्याला कळवलं. पुढचे दहा दिवस कसे गेले हे मला अजून लख्ख आठवतं, कारण त्या दिवसांत त्याने मला एकच गोष्ट पटवली, की चूक माझी आहे. आधी म्हणाला, "मॅडम, ऑटोफोकसची सवय असली की असं होतं. मॅन्युअलला हात बसावा लागतो." मी दोन दिवस हात बसवत राहिले. मग म्हणाला, कॅमेऱ्याचं सेटिंग चुकलंय. मी सगळी सेटिंग्ज मूळपदावर आणून पाहिली. मग म्हणाला, बॅटरी काढून पुन्हा घाला, अडॅप्टर घट्ट बसलाय का बघा. शेवटी म्हणाला, "ही लेन्स जवळच्या कामाचीच आहे. तुम्ही फोटो बघूनच घेतलीत ना?" लेन्सवर ५५ आकडा कोरला होता, जाहिरातीत ५० होता. तेही मी विचारलं. त्यावर उत्तर, "जुनं रशियन मार्किंग आहे, थोडा फरक असतो." माल परत करायची मुदत सात दिवसांची होती. दहाव्या दिवशी त्याने उत्तरं देणं बंद केलं आणि जाहिरात काढून टाकली. जाहिरातीचे स्क्रीनशॉट मी घेतले नव्हते. पाकीट उघडतानाचं चित्रीकरणही केलं नव्हतं. तक्रार करायला गेले तेव्हा दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

ओळखीतले एक काका जुने कॅमेरे उघडून दुरुस्त करतात. त्यांच्याकडे गेले. त्यांनी लेन्स कॅमेऱ्याला लावलीसुद्धा नाही. अडॅप्टर काढला, लेन्स उलटी धरली आणि मागच्या बाजूला बोट ठेवून फोकसची रिंग फिरवली. आतली एक गोल कड हळूहळू पुढेमागे सरकत होती. "दिसतंय? ही कड रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या, म्हणजे आरसा नसलेल्या, वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस करायच्या जुन्या कॅमेऱ्याच्या, आतल्या दांडीला ढकलते. आरशाच्या कॅमेऱ्याच्या लेन्सला ती कशाला लागेल? ही तुझी लेन्सच नव्हे." मग त्यांनी पुढचं कोरीवकाम वाचलं. इंडस्टार-६१ होतीच, पण एल/डी. ५५ मिमी, एफ २.८, फेड या सोव्हिएत रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी बनलेली, ३९ मिमी आट्यांची. नाव तेच, ६१ हा आकडाही तोच, नावातलं फक्त शेवटचं रशियन अक्षर वेगळं. ते अक्षर मला वाचता येत नाही, हे त्या विक्रेत्याच्या पथ्यावर पडलं.

पण ३९ मिमीची लेन्स ४२ मिमीच्या अडॅप्टरमध्ये बसली कशी? काकांनी भिंगातून दाखवलं. लेन्सच्या आट्यांवर एक पातळ रिंग चढवली होती, आतून ३९ आणि बाहेरून ४२. अशा रिंगा सर्रास मिळतात, त्यांत गैर काही नाही. ही रिंग मात्र इन्स्टंट ग्लूने चिकटवलेली होती. काढता येऊ नये, दिसू नये, लेन्स मुळातच एम४२ ची वाटावी म्हणून. रिंगच्या कडेला गोंदाची चकाकती रेघ होती. ती मी दहा दिवस पाहिली होती आणि जुनं ग्रीस समजून सोडून दिली होती.

घरी येऊन मी आकडे मांडले आणि त्या रात्री पहिल्यांदा मनावरचं ओझं उतरलं. या लेन्सच्या माउंटचं फ्लँज अंतर २८.८ मिमी. एम४२ चा अडॅप्टर तिला ४५.४६ वर धरून बसला होता. म्हणजे लेन्स सेन्सरपासून १६.६६ मिमी जास्त लांब. एवढं लांब धरणं म्हणजे तिच्यामागे मॅक्रोची एक्स्टेंशन ट्यूब (अगदी जवळचे फोटो काढायला लावतात ती पोकळ नळी) लावणंच. अंदाज काढायचा हिशेब सोपा आहे, फोकल लांबीचा वर्ग करायचा आणि जादा अंतराने भागायचा. ५५ चा वर्ग ३०२५, भागिले १६.६६, उत्तर साधारण १८२ मिमी. हे अंतर लेन्सच्या पुढच्या नाभीपासून, म्हणजे काचेच्या पुढे असलेल्या फोकल बिंदूपासून मोजतात, त्यामुळे काचेपासून मोजलं तर आणखी थोडं भरतं. रिंग इन्फिनिटीवर असतानाही ही लेन्स वीतभरापलीकडचं काही पाहू शकत नव्हती. फूल, तबकडी, नाणं. माझा हात चुकत नव्हता, कॅमेरा चुकत नव्हता. त्या जोडणीत दूरचं दिसणं शक्यच नव्हतं, आणि हे त्या माणसाला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर त्याने तेवढेच तीन फोटो निवडले नसते आणि रिंग चिकटवली नसती.

अडॅप्टरही मी व्हर्निअर कॅलिपरने मोजला. माझ्या कॅलिपरवर २७.४ च्या थोडं पुढे भरला. म्हणजे साधा, नेहमीचा, ठीक बनलेला अडॅप्टर, 'जुळवलेला' वगैरे काही नाही. जाडीतला फरक खरोखरच महत्त्वाचा असतो, हे इथे सांगायला हवं, कारण याच खऱ्या गोष्टीच्या आधारे लोकांना महाग अडॅप्टर विकले जातात. अडॅप्टर फक्त ०.१ मिमी जाड झाला तरी ५० मिमी लेन्सचा फोकस २५ मीटरवर अडकतो. २८ मिमीच्या लेन्सचा तर आठ मीटरच्याही आत. म्हणून बरेच उत्पादक अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ ठेवतात. मग लेन्स इन्फिनिटीच्या थोडी पुढे जाते, अंतराचे आकडे जुळत नाहीत, पण दूरचं दिसतं. तेव्हा जुळवून तपासलेला अडॅप्टर असं कुणी म्हणालं तर जाडी किती, हे मिलिमीटरमध्ये विचारा. ज्याने तपासलंय तो आकडा सांगेल.

आरशाचा डीएसएलआर असलेल्यांची फसवणूक वेगळ्या वाटेने होते. माझ्या मैत्रिणीकडे निकॉन एफ माउंटचा कॅमेरा आहे. त्या माउंटचं अंतर ४६.५ मिमी, एम४२ पेक्षाही जास्त. म्हणजे अडॅप्टरला जागाच नाही, उलट एक मिमीची तूट. तिला 'इन्फिनिटी हमखास' म्हणून जो अडॅप्टर विकला, त्याच्या आत एक छोटी काच होती. त्या काचेने दूरचं फोकस होतं खरं, पण ती काच कमजोर टेलिकन्व्हर्टरसारखी वागते, चित्र थोडं मोठं करते, आणि ती स्वस्तातली असल्याने चित्राच्या कडा मऊ पडल्या. चांगली लेन्स घेऊन तिने दोन महिने लेन्सलाच दोष दिला. काच आहे की नाही, हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आणखी एक, एम४२ म्हणजे ४२ मिमी व्यास आणि १ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर). टी-माउंट नावाची दुसरी बैठकही ४२ मिमीचीच, पण पिच ०.७५ मिमी. एखाद्या फेऱ्यानंतर आटे अडकले तर जोर लावू नका, उलटं फिरवून काढा.

काकांनी माझी रिंग काढून दिली. ॲसिटोनमध्ये बुडवलेली काडी आट्यांवर फिरवत, मग वाट पाहत, मग हलकी ऊब देत, असे तीन दिवस गेले. काच आधी बाहेर काढून ठेवली होती. रिंग निघाली तेव्हा पहिले दोन आटे सोलले गेले होते. शिवाय मागच्या काचेच्या कडेला एक पांढुरकी झाक होती. इन्स्टंट ग्लूची वाफ जवळच्या पृष्ठभागावर असा पांढरा थर सोडते. काकांनी पुसून पाहिलं, बराच गेला, कोटिंगवर कडेला थोडा राहिला. नंतर मी ३९ मिमी माउंटचा योग्य अडॅप्टर आणला, २८.८ वजा १८, म्हणजे १०.८ मिमीचा, बोटभरही नाही. समोरचं झाड पहिल्यांदा पानापानांनिशी दिसलं. चांदण्या मात्र नाहीत. माझ्या या लेन्समध्ये दिव्यांचे षटकोनी ठिपके येतात. लेन्स चांगली आहे, प्रामाणिकपणे 'एल/डी, रेंजफाइंडरची' म्हणून विकली असती तरी कुणीतरी आनंदाने घेतली असती. रिंग चिकटवून तिचं जे नुकसान केलं, त्याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

आता कुणाकडूनही जुनी लेन्स घेताना मी आधी दूरच्या वस्तूचा फोटो मागते. चंद्र, डोंगर, लांबची इमारत, काहीही चालेल, पण हीच लेन्स, हाच अडॅप्टर आणि माझ्याच माउंटचा कॅमेरा. त्या जोडणीचा एक फोटो वेगळा, त्यात नाव कोरलेली रिंग वाचता यावी. लेन्सच्या मागच्या बाजूचा फोटो, फोकसच्या दोन्ही टोकांना. ॲपर्चरची पाती मिटलेली दिसतील असा एक. टॉर्च आरपार मारून बुरशी आणि धूसरपणा दिसेल असा एक. लेन्स आणि अडॅप्टर वेगळे करून पाठवा, असं लिहून घेते. जाहिरात पानासकट जपून ठेवते. पार्सल आल्या दिवशीच खिडकीत जाऊन दूरचं फोकस पाहते, आणि तो नाही जमला तर त्याच दिवशी परत करायची नोंद करते. विक्रेता काय समजावतोय ते त्यानंतर ऐकते.

मागच्या आठवड्यात तोच पहिला फोटो मला पुन्हा दिसला. विक्रेत्याचं नाव वेगळं होतं. लेन्सखाली लिहिलंय, 'एल/झेड, ५० मिमी, जुळवलेल्या अडॅप्टरसह'. मी तक्रार नोंदवली आहे, जाहिरात अजून तिथेच आहे. खाली नमुना फोटो चार आहेत. फूल, तबकडी, नाणं, आणि या वेळी एक मुंगी.