कोल्हापुरात दोन दिवस, पंधरा माणसे: पेठा, पन्हाळा की खिद्रापूर?

गटाने कोल्हापूरला यायचे ठरले की यादी आपोआप तयार होते: अंबाबाई, न्यू पॅलेस, रंकाळा, जोतिबा, पन्हाळा, जमल्यास नृसिंहवाडी आणि खिद्रापूर, आणि या सगळ्यात कुठेतरी बसवलेली मिसळ व तांबडा-पांढरा रस्सा. दोन दिवसांत हे सर्व होते असे सांगणारे गाडीवाले भेटतात आणि ते खोटे बोलत नाहीत; गाडी त्या सर्व ठिकाणी खरोखरच जाऊन येते. मात्र आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत दहा-पंधरा माणसे बरोबर असली की उतरणे, चपला सोडणे, रांगेत उभे राहणे, मागे राहिलेल्याची वाट पाहणे आणि पुन्हा गाडीत बसणे यांतच प्रत्येक ठिकाणचा बराचसा वेळ जातो. म्हणून मुक्काम दोन दिवसांचा असेल तर एक दिवस शहराला द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पन्हाळा-जोतिबा किंवा वाडी-खिद्रापूर यांपैकी एकच दिशा धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. निवड करताना जेवणाचा विचार शेवटी न करता आधी करावा, कारण या शहरात दुपारी कोठे आणि काय जेवलो, यावर त्यानंतर काय पाहणे शक्य आहे ते ठरते.

शहराच्या दिवसाचेही दोन भाग पडतात. अंबाबाईचे मंदिर, भवानी मंडप, जुना राजवाडा, बिंदू चौक, खासबाग मैदान, गुजरी हा सराफ बाजार आणि चप्पल लाइन हा सगळा जुन्या पेठांचा भाग पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. किंबहुना तो पायीच फिरावा लागतो, कारण मोठी गाडी महाद्वार रोडच्या गर्दीत नेता येत नाही. ती बिंदू चौकातील वाहनतळावर किंवा आणखी लांब उभी करून चालत जाणे सोयीचे पडते. न्यू पॅलेस, टाउन हॉल आणि रंकाळा यांच्यासाठी मात्र वाहन लागते. गट रेल्वेने आला असेल आणि बरोबर गाडी नसेल, तर पंधरा माणसांना पाच रिक्षा लागतात आणि त्या पाचही एकाच वेळी एकाच दारात पोहोचतील अशी अपेक्षा धरू नये. अशा गटाने पेठांचा भाग मनसोक्त पाहावा आणि उरलेल्यांपैकी एकच ठिकाण निवडावे.

ते एक कोणते? न्यू पॅलेस आणि टाउन हॉल या दोन्ही इमारती चार्ल्स मॅन्ट या एकाच वास्तुविशारदाच्या. न्यू पॅलेस 1884 मध्ये पूर्ण झाला, तर टाउन हॉल त्याच्या काही वर्षे आधीचा आहे. न्यू पॅलेसमधील शहाजी छत्रपती संग्रहालयात शस्त्रे, शिकारीतील प्राणी, राजघराण्याच्या वापरातील वस्तू आणि शिवचरित्रातील प्रसंग रंगीत काचांवर उतरवलेला दरबार हॉल आहे. लहान मुले येथे कंटाळत नाहीत. आत छायाचित्रे काढू देत नाहीत, हे तर गट वेळेत बाहेर पडण्याच्या दृष्टीने सोयीचेच आहे. टाउन हॉलचे संग्रहालय लहान आहे आणि बाहेरगावचे लोक ते सहसा वगळतात. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात सापडलेली, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची काशाची मूर्ती तेथे आहे. समुद्रापासून इतक्या आत वसलेल्या या गावाचा दोन हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापाराशी संबंध होता, हे त्या लहानशा मूर्तीसमोर उभे राहिल्यावर पटते. मुले बरोबर असतील तर न्यू पॅलेस, प्रौढांचाच गट असेल तर टाउन हॉल, अशी निवड मी करीन.

मंदिराच्या बाबतीत खरा प्रश्न वेळेचा असतो. गाभाऱ्याच्या रांगेत सगळा गट उभा करण्यापेक्षा ज्यांना शक्य नाही त्यांना मुखदर्शन घेऊ द्यावे आणि सर्वांनी भवानी मंडपात भेटावे, हे उत्तम. मंगळवार आणि शुक्रवार गर्दीचे असतात. जानेवारीच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात आणि एकेका दिवशी चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. तो पाहण्याची इच्छा स्वाभाविक आहे, परंतु त्या गर्दीत मोठा गट एकत्र ठेवणे जवळजवळ अशक्य असते. दोघे-तिघे आले असतील तर अवश्य जावे. पंधरा जण असतील तर ते दिवस टाळावेत.

भवानी मंडपातून खासबागेकडे चालत जाताना शाहू महाराजांचे कोल्हापूर दिसते. 1912 मध्ये उभारलेल्या या मैदानाची रचना अशी आहे की मधला आखाडा कोणत्याही कोपऱ्यात बसलेल्या प्रेक्षकाला विनाअडथळा दिसतो. कुस्ती नसतानाही दहा मिनिटे पायऱ्यांवर बसावे. शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये आगीत भस्मसात झाले. गावाला ती हानी अजून सलते. येथेच राजाभाऊंची भेळ मिळते, त्यामुळे संध्याकाळी रंकाळा की खासबाग असा प्रश्न पडल्यास उत्तर पायांच्या स्थितीवर ठरवावे. रंकाळ्याची चौपाटी, पलीकडच्या काठावरचा शालिनी पॅलेस आणि मावळतीचे पाणी यांसाठी गाडीने जावे लागते, पण तेथे ज्येष्ठांना निवांत बसता येते. खासबागेत बसण्यापेक्षा उभे राहणेच अधिक घडते.

आता दुसऱ्या दिवसाकडे वळू. पन्हाळा शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर आहे आणि जोतिबाचा डोंगर त्याच दिशेला, त्याहून थोडा अलीकडे. वाडी-खिद्रापूरची दिशा नेमकी उलट, पूर्वेची. खिद्रापूर साधारण 60 किलोमीटरवर पडते आणि नृसिंहवाडी त्याच्या वाटेवर आहे. अंतराचा हा फरक कागदावर दिसतो तितका निर्णायक नाही, कारण पन्हाळ्याचा रस्ता घाटाचा आहे आणि खिद्रापूरचा उसाच्या शेतांमधून जाणारा सपाट आहे. ज्यांना वळणांचा त्रास होतो, त्यांना दुसरी दिशा दूर असूनही सुखाची वाटते.

पन्हाळ्याच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गडावर गाडी आतपर्यंत जाते. किल्ला म्हटले की चढण, या समजुतीने गुडघेदुखीवाले घरी राहतात. येथे तसे कारण नाही. तीन दरवाजा, अंबरखान्याची गंगा, यमुना व सरस्वती ही प्रचंड धान्यकोठारे, सज्जाकोठी आणि अंधारबाव ही ठिकाणे गाडीतून उतरून थोडे चालले की दिसतात. 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज जुलैच्या पावसाळी रात्री विशाळगडाकडे निसटले ते येथूनच, आणि बाजीप्रभूंचा पुतळा पाहिल्यावर तो प्रसंग सांगायला गटात कोणी ना कोणी पुढे होतेच. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत पन्हाळ्याचा समावेश झाला, तेव्हापासून येणाऱ्यांची उत्सुकताही वाढली आहे. जोतिबाला मात्र पायऱ्या उतराव्या लागतात, आणि ‘चांगभलं’च्या गजरात उधळलेला गुलाल पांढऱ्या कपड्यांवर कायमचा बसतो. रविवारी, पौर्णिमेला आणि चैत्र यात्रेच्या काळात तेथे मोठ्या गटाने जाऊ नये.

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर पाहताना तुलना सोडून द्यावीशी वाटते. स्वर्गमंडपाचे 48 खांब वर्तुळात उभे आहेत, मधोमध छत वर्तुळाकार उघडे आहे आणि बरोबर त्याखाली जमिनीवर तितकीच मोठी गोल शिळा आहे. खांबांवरचे आणि भिंतींवरचे कोरीवकाम, मंदिराला तोलून धरणारी हत्तींची रांग, यादव राजा सिंघणाचा तेराव्या शतकातील शिलालेख, हे सर्व एका लहानशा खेड्यात, कृष्णेच्या काठी आहे. शिल्पाची आवड असलेल्या गटाने दुसरा विचारच करू नये. परंतु ज्या गटात निम्म्या लोकांना अर्ध्या तासात ‘पाहून झाले, आता काय?’ असे वाटते, त्या गटाला येण्याजाण्याचे 120 किलोमीटर फार वाटतील, कारण आसपास करमणुकीचे दुसरे काही नाही. पन्हाळ्यावर अशा लोकांची सोय होते. वारा असतो, धुके असते, मक्याचे कणीस मिळते.

पावसाळ्यात निर्णय नदी घेते. कृष्णा-पंचगंगेला पाणी आले की वाडीचे दत्तमंदिर पाण्याखाली जाते आणि खिद्रापूरची वाटही भरवशाची राहत नाही. पन्हाळा त्या दिवसांत सर्वांत देखणा असतो, पण मोठ्या पुरात केर्लीजवळ रत्नागिरी रस्त्यावरही पाणी येते. निघण्यापूर्वी चौकशी करावी.

जेवणाच्या दृष्टीने दोन्ही दिशांत मोठे अंतर आहे. पन्हाळ्यावर झुणका-भाकरी आणि सांगून केलेली गावठी कोंबडी मिळते; सकाळी जाताना संख्या सांगून ठेवली तर गड पाहून होईपर्यंत जेवण तयार होते, आणि गटाला याहून सोयीचे काही नाही. वाडीत सामिषाचा प्रश्नच नाही. दुपारी संस्थानाचा महाप्रसाद असतो, कृष्णाकाठची भरली वांगी कुठल्याही खानावळीत मिळतात, आणि बासुंदी, पेढे व कवठाची बर्फी घेतल्याशिवाय कोणी परतत नाही. गटात शाकाहारी बहुसंख्य असतील तर वाडीचा दिवस तडजोडीविना जातो.

शहरातील जेवणासाठी मिसळ, खानावळ आणि थाळीचे हॉटेल असे तीन पर्याय तोलावे लागतात. मिसळीबद्दल फडतरे, चोरगे, बावडा, खासबाग अशी नावे सांगितली जातात आणि प्रत्येकाचा कैवारी वेगळा आहे. मी त्या वादात पडत नाही. गटासाठी महत्त्वाचे हे की ही ठिकाणे सकाळची आहेत, बाके थोडी आहेत आणि पंधरा माणसांना एकत्र बसवण्याची सोय सहसा नसते. तीन-चार जणांच्या तुकड्या करून बसावे, कट म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा बेताने घ्यावा आणि दहीही मागवावे. कोल्हापुरात मिसळीबरोबर बहुधा स्लाइस ब्रेड येतो. पावाची वाट पाहत बसू नये.

खानावळीची चव थाळीच्या मोठ्या हॉटेलपेक्षा बहुधा सरस असते. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात खसखस, तीळ आणि नारळाचे दूध घालून केलेला पांढरा, आणि कांदा-लसणाची चटणी, भाजलेले खोबरे घालून केलेला तांबडा, हे दोन्ही त्या दिवशीच्या मटणावर अवलंबून असतात, आणि थोडक्या माणसांसाठी रांधणारा ते अधिक सांभाळतो. बाहेरगावच्या ‘कोल्हापुरी’ पदार्थांवरून तिखटाची धास्ती घेतलेल्यांनी आधी पांढऱ्याच्या दोन वाट्या प्याव्यात; येथील रस्सा जाळण्यासाठी नसून चवीसाठी असतो, आणि वर लाल तेलाचा जाड थर तरंगत असेल तर तो बहुतेक पाहुण्यांसाठीच सोडलेला असतो. मात्र खानावळीत जागा कमी, पाळी लागते, आणि दुपारी तीननंतर पातेली पालथी झालेली असतात. उशिरा पोहोचणाऱ्या गटाने हा धोका पत्करू नये. थाळीच्या हॉटेलात आदल्या दिवशी फोन करून संख्या सांगता येते, शाकाहारी मंडळींना त्याच टेबलावर अख्खा मसूर किंवा भरले वांगे मिळते, आणि ताटाच्या हिशेबामुळे पैशाची वाटणी सोपी होते. आठपर्यंत माणसे असतील तर खानावळ, त्याहून अधिक असतील तर हॉटेल, ही माझी मर्यादा आहे. दुपारी मटणाचे ताट झाल्यावर कोणी संग्रहालय पाहत नाही, म्हणून पाहण्यासारखे सर्व दुपारच्या आधी उरकावे किंवा मटण रात्रीवर ठेवावे.

रात्री जेवण हलके झाले असेल तर गंगावेशीतील दूध कट्ट्यावर समोर काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध प्यावे. पोट नाजूक असणाऱ्यांनी ते दुरूनच पाहावे.

मुक्कामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहाटेचे दर्शन हवे असेल तर महाद्वार परिसरातील यात्री निवास, गाडी मोठी असेल तर स्टेशन रोड किंवा ताराबाई पार्क. पन्हाळ्यावर राहणे सुखाचे आहे, पण रात्रीच्या जेवणासाठी घाट उतरून शहरात यावे लागणार असेल तर त्या सुखाला अर्थ राहत नाही.

शेवटी वार. बहुतेक गट शनिवार-रविवार धरून येतात. रविवारी जोतिबावर गर्दी असते आणि निम्मे कोल्हापूर मटणाच्या मागे असते, त्यामुळे खानावळीत पाळी लांबते. म्हणून शनिवारी पन्हाळा-जोतिबा करून रात्री तांबडा-पांढरा घ्यावा आणि रविवारी मिसळ, मंदिर, खासबाग आणि खरेदी करून निघावे. गटात शनिवार पाळणारे कोणी असतील तर हाच क्रम ठेवून शनिवारी रात्री त्यांच्यासाठी अख्खा मसूर सांगावा आणि रविवारी दुपारी सर्वांसाठी मटणाचे ताट आदल्या दिवशीच राखून ठेवावे. गूळ आणि चप्पल अगदी शेवटी घ्यावी. गाडी बिंदू चौकात असते आणि तेथपर्यंतचे ओझे स्वतःलाच वाहावे लागते.