हॅचबॅकला स्प्लिटर आणि एअर डॅम: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

पुण्याहून मुंबईला आठवड्यातून एकदा तरी गाडीनं जावं लागतं. मोकळ्या एक्स्प्रेसवेवर ९०-१०० ला माझ्या हॅचबॅकचं स्टिअरिंग हलकं पडायचं, म्हणून जानेवारीत पुढच्या बंपरखाली एबीएस प्लास्टिकचा स्प्लिटर, म्हणजे बंपरच्या पुढे आलेली आडवी सपाट पट्टी, बसवून घेतला. दिसायला देखणा. स्टिअरिंगमध्ये मात्र काहीच फरक जाणवेना.

शेवटी वहीत हिशेब मांडला. ताशी १०० किमीला समोर अडलेल्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण ४७ किलो भरतो. ५० ला त्याच्या चौथाई, कारण वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. माझी पट्टी दीड मीटर रुंद आणि बंपरच्या पुढे जेमतेम ५ सेंटीमीटर. म्हणजे वरून फार तर साडेतीन किलोचा भार! स्प्लिटरची खरी ताकद खालच्या बाजूला असते. सपाट तळाखालून हवा वेगात सरकते, तिथला दाब उतरतो आणि गाडी खाली ओढली जाते. त्यासाठी फळी इंजिनखाली मागपर्यंत गेलेली आणि चासीला पक्की बांधलेली हवी. क्लिपांवर लटकणाऱ्या पट्टीला हे जमत नाही.

एप्रिलमध्ये सोसायटीच्या बेसमेंटच्या उतारावर घासून ती कोपऱ्यात फाटली. मग गॅरेजच्या मिस्त्रींनी कन्व्हेयर बेल्टचं रबर कापून ८ सेंटीमीटरचा एअर डॅम, म्हणजे बंपरखाली उभी लटकून हवा अडवणारी पट्टी, लावून दिला, मागून ॲल्युमिनियमच्या पट्टीचा आधार देऊन. गाडीच्या पोटाखाली एक्झॉस्ट, सस्पेन्शन असा सगळा उघडा पसारा असतो. तिथे हवा कमी शिरली की गाडीचा पुढचा भाग वर उचलणारा हवेचा जोर घटतो. खालापूरच्या पुढच्या सरळ रस्त्यावर आता १०० ला पुढची चाकं रस्ता धरून असल्याचं हाताला कळतं. टायरमधली हवा दोन्ही वेळी ३३ च ठेवली होती, त्यामुळे हा फरक डॅमचाच मानतो. मायलेज १६.८ वरून १७.२ झालं, पण एवढा फरक माझ्या चालवण्यामुळेही पडू शकतो. त्याचं श्रेय डॅमला देणार नाही.

बऱ्याच गाड्यांना बंपरखाली कंपनीचीच काळी रबरी पट्टी असते. घासते म्हणून लोक ती काढून टाकतात. कृपया काढू नका. तिच्यामागे दाब कमी राहतो, म्हणून रेडिएटरमधून हवा नीट ओढली जाते.

गाडी शहरातच फिरत असेल तर हा खर्च टायरवर करा. ४० च्या वेगाला यातलं काहीच जाणवणार नाही.

रबर स्पीडब्रेकरवर वाकून पुन्हा सरळ होतं. जुलैत मात्र साचलेल्या पाण्यातून गेल्यावर दोन स्क्रू उपटले. आता मोठे वॉशर घातलेत, आणि दर महिन्याला खाली वाकून एकेक स्क्रू हातानं तपासतो.