म्हाडा लॉटरीतलं २० टक्केवालं घर, ठाणे: दीड वर्ष राहून लिहितेय

घराला ५ पैकी ४, लॉटरीच्या ऑनलाइन सिस्टीमला साडेचार, बिल्डरला १. आता सविस्तर सांगते, कारण मला रोज कोणी ना कोणी विचारतं की ते २० टक्केवालं घर म्हणजे नक्की काय आणि घ्यावं का.

मोठ्या शहरात ४००० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटवर खासगी प्रोजेक्ट आला की त्यातली २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी बांधावी लागतात, आणि ती कोणाला मिळणार हे म्हाडाच्या, म्हणजे राज्य सरकारच्या गृहनिर्माण संस्थेच्या, लॉटरीतून ठरतं. हा नियम २०१३ चा. आमचं घर कोलशेतच्या बाजूला, १० मे २०२३ ला घाणेकर नाट्यगृहात म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत झाली त्यात लागलं. त्या सोडतीत ४६४० घरं होती, त्यातली १४५६ या २० टक्क्यांतली आणि २०४८ विरार-बोळिंजची, जी प्रथम येणाऱ्यास प्राधान्य या पद्धतीने द्यायची होती. आम्हाला कितीजण म्हणाले विरारला टाक, तिथे नक्की लागेल. पण माझं दुकान नौपाड्यात, नवरा स्टेशनजवळ मेडिकलमध्ये रात्री अकरापर्यंत, सासूबाईंचं दर महिन्याला कळव्याच्या हॉस्पिटलला चेकअप. तिथून हे सगळं कसं जमवणार? घर स्वस्त मिळालं आणि रोजचे चार तास गेले तर ते स्वस्त कुठलं, म्हणून आम्ही फक्त ठाण्यातच टाकलं, लागलं तर लागलं.

अर्ज भरताना मी एकही एजंट धरला नाही, तुम्हीही धरू नका, म्हाडाचा कोणी एजंट नसतोच. नवीन सिस्टीम चांगली आहे, मोबाईलवर होतं. आधार, पॅन, डोमिसाईल म्हणजे रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा आयटी रिटर्न, लग्न झालेलं असेल तर नवऱ्याचं किंवा बायकोचं पण आधार-पॅन, हे सगळं आधीच तपासून होतं आणि पात्र असाल तरच नाव सोडतीत जातं, म्हणजे घर लागल्यावर कागदांसाठी वर्षभर खेटे घालायचे ते पूर्वीचं दुखणं गेलं. अत्यल्प गटाला आपल्याकडे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत, अल्पला ९ लाख. अर्जाचे ५९० गेले, ते परत येत नाहीत, अनामत मात्र नाही लागलं तर खात्यात परत येते.

घर ३० चौरस मीटरच्या आत, दोन खोल्या आणि किचन ओटा, पण खेळती हवा आहे आणि पाणी दोन वेळ येतं. किंमत त्याच कॉम्प्लेक्समधल्या विक्रीच्या रेटच्या निम्म्याहूनही कमी पडली. आणि शेजार! आमच्या मजल्यावर टीएमटीचे कंडक्टर आहेत, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू आहेत, एक वॉर्डबॉय दादा आहेत, सगळे ठाण्यातच राबणारे. हीच माणसं नाहीतर टिटवाळ्याच्या पुढे गेली असती.

आता वाईट. बिल्डरने आमची बिल्डिंग पार मागच्या कोपऱ्यात बांधलीय, गेट वेगळं, दोन लिफ्टपैकी एक सहा महिने बंद. पार्किंग आणि क्लबहाऊसच्या नावाने जास्तीचे पैसे मागितले, आम्ही सगळ्यांनी मिळून लेखी विचारलं की कशाचे, तेव्हा गप्प झाले. माझ्या मुलाला बागेतून वॉचमनने परत पाठवलं की ही बाग लॉटरीवाल्यांची नाही. सात वर्षांचं पोरगं, त्याने मला विचारलं आई लॉटरीवाले म्हणजे कोण. मला त्या रात्री झोप नाही लागली. त्याच प्रोजेक्टला मंजुरी मिळाली त्याची अटच आमची घरं आहेत, आम्ही कोणाच्या उपकारावर राहत नाही.

आणि ही अट टिकली पाहिजे हो. प्लॉटचे तुकडे करून ४००० च्या खाली दाखवायचे आणि २० टक्क्यांतून सुटायचं, असे आरोप नाशिकमध्ये झाले, २०२२ मध्ये विधान परिषदेत त्यावरून गदारोळ झाला. ठाण्यात एवढे टॉवर उभे राहतायत, आपल्या भागातल्या प्रोजेक्टमध्ये ही घरं किती आहेत हे विचारायला लाजू नका.

माझं लहानपण वर्तकनगरला गेलं, म्हाडाच्या वसाहतीत, बाबा तिला शेवटपर्यंत हौसिंग बोर्डच म्हणायचे. आम्ही तिथे भाड्याने होतो, म्हणून रिडेव्हलपमेंट झाली तेव्हा आमच्या वाट्याला काही आलं नाही. मालकांना मोठी घरं मिळाली, चांगलंच झालं, त्या गळक्या बिल्डिंगीत किती दिवस काढायचे. पण वर जे मजले चढले ते सगळे बाजारभावाने गेले. अशा वसाहतींत वाढीव एफएसआयच्या, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधायच्या परवानगीच्या, बदल्यात म्हाडा एकतर प्रीमियम म्हणून पैसे घेते नाहीतर बांधलेली घरं घेते, आणि माझं ठाम मत आहे की घरंच घ्यावीत. पैसे येतात आणि खर्च होतात, शहराच्या मध्यावरची जमीन एकदा गेली की तेवढ्या पैशात परत मिळत नाही, मग नवीन घरं बांधायची तर लांब जावं लागतं. वर्तकनगरमध्ये अजून जुन्या बिल्डिंगी राहिल्यात, तिथे कोणी ओळखीचं असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न नक्की काढा.

घ्यावं का? ठाण्यातच काम असेल तर डोळे मिटून अर्ज भरा. लागल्यावर ५ वर्षं विकता येत नाही हे लक्षात ठेवा. ताब्याआधी बिल्डर मागेल त्या प्रत्येक रकमेचं लेखी घ्या, आणि इतर विजेत्यांचा ग्रुप लगेच बनवा, एकट्याने काही होत नाही. डोमिसाईल मात्र आजच काढायला टाका, गेल्या ५ वर्षांतलं लागतं आणि जाहिरात आली की सेतूमध्ये पाय ठेवायला जागा नसते.