वाशीतला सोनोग्राफी कोर्स : एनटीसाठी जा, डॉपलरसाठी नको

कळव्यात प्रॅक्टिस करते. एनटी, म्हणजे गर्भाच्या मानेमागच्या द्रवाच्या थराची जाडी, आजवर दुसऱ्यांच्या रिपोर्टमध्येच वाचायचे, म्हणून वाशीतल्या या वीकेंड कोर्सला नाव घातलं.

पैसे वसूल झाले ते एनटीच्या सत्रात. सीआरएल, म्हणजे बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, 45 ते 84 मिलिमीटर हवी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण बाळाची मान मागे ताणलेली असली की माप जास्त येतं, हनुवटी छातीला टेकली की कमी. अशा वेळी बाळ हलावं म्हणून शिकवणाऱ्या मॅडम प्रोब बाजूला ठेवतात, पेशंटला खोकायला लावतात, नाहीतर चक्क चक्कर मारून यायला सांगतात. कॅलिपरची, म्हणजे स्क्रीनवरच्या मोजखुणेची, आडवी रेघ पांढऱ्या कडेत मिसळली पाहिजे, हे त्यांनी माझ्या हाताला धरून करून घेतलं.

डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी, मात्र उरकलं. एका मशीनभोवती एवढी गर्दी, की मागच्यांना फक्त पाठी दिसल्या. एवढी फी घेऊन हे? चहा तेवढा फक्कड होता.

आणि एमबीबीएसवाल्यांनो, पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदी) कायद्याखालच्या नोंदणीसाठी हे प्रमाणपत्र चालणार नाही. त्याला 2014 च्या नियमांनुसार सहा महिन्यांचंच प्रशिक्षण लागतं. गाडी आणू नका, पार्किंगची बोंब आहे.