आमचाच कंट्रोलर आम्हालाच ‘नवा’ म्हणून विकला

गॅस बर्नर वारंवार ट्रिप होतोय आणि सर्व्हिसवाला दर वेळी कंट्रोलरच (बर्नर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलून जातोय, असं तुमच्याकडे चालू असेल तर हे वाचा. आमच्याकडे सुकवणीच्या ओव्हनला गरम हवा देणारे दोन हीटर आहेत, दोन्ही नैसर्गिक गॅसवर. देखभालीचं कंत्राट एका एजन्सीकडे होतं. येणारा माणूस बोलायला गोड, फोन केला की हजर. अशा माणसावर कोण कशाला संशय घेईल?

बिघाड नेहमी एकच. ब्लोअर सुरू होतो, पर्ज (आतला उरलेला गॅस हवेने बाहेर काढणं) पूर्ण होतो, ठिणगी पडते, ज्वाळा पेटते आणि काही सेकंदांत गॅस बंद होऊन लॉकआउट, म्हणजे रीसेट केल्याशिवाय बर्नर सुरूच होत नाही. रीसेट दाबलं की कधी चालतो, कधी नाही. हा यायचा, ‘एकदा हेड बघतो’ म्हणत बर्नरचं हेड बाहेर काढायचा, परत बसवायचा आणि जाहीर करायचा, “साहेब, कंट्रोलर गेला.” दुसरा कंट्रोलर लावला की बर्नर झकास चालायचा. काही आठवडे. मग पुन्हा तेच रडगाणं. जुना कंट्रोलर तो बायबॅकच्या नावाखाली सोबत घेऊन जायचा.

खरी गोम त्या ‘एकदा हेड बघतो’मध्ये होती. ज्वाळा पेटली आहे हे कंट्रोलरला फ्लेम रॉडवरून, म्हणजे ज्वाळेत राहणाऱ्या धातूच्या कांडीवरून कळतं. रॉडला एसी व्होल्टेज दिलेलं असतं. ज्वाळा त्यातला प्रवाह मुख्यतः एकाच दिशेने जाऊ देते, म्हणजे डायोडसारखी वागते. हा डीसी प्रवाह फक्त काही मायक्रोअँप असतो. रॉडवर काजळी किंवा धुळीचा थर बसला, तिच्या पोर्सिलेनच्या आवरणाला केसाएवढी चीर गेली किंवा बर्नरचं अर्थिंग सैल झालं की तो आणखी घसरतो. कंट्रोलर समजतो ज्वाळा नाही आणि गॅस तोडतो. त्याने तेच करायचं असतं! हा गृहस्थ हेड बाहेर काढल्यावर रॉड पॉलिश पेपरने गुपचूप घासायचा आणि बिल लावायचा कंट्रोलरचं.

पकडला गेला तो आमच्या वायरमनमुळे. काढलेल्या प्रत्येक सुट्या भागावर मार्करने तारीख टाकायची त्याला सवय आहे, सगळे त्याची त्यावरून चेष्टा करतात. दुसऱ्या हीटरला ‘नवाकोरा’ कंट्रोलर लागला, तेव्हा त्याने सहज तो बेसवरून उपसून उलटा केला. मागच्या बाजूला त्याच्याच हस्ताक्षरात पहिल्या हीटरवरून काढल्याची तारीख. पुसायचा प्रयत्न झालेला, पण खाचेत शाई राहिलेली. पुढचं लेबल सोलून पाहिलं तर खाली जुनं लेबल. म्हणजे आमच्याकडून ‘जळालेला’ म्हणून नेलेला माल, स्टिकर बदलून आमच्याच गळ्यात.

मग सगळे कागद काढले. तीन महिन्यांनी मिळणाऱ्या ज्वलन अहवालात ऑक्सिजन ३ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड १३.२ टक्के लिहिलेलं. नैसर्गिक गॅसच्या कोरड्या धुरात कार्बन डायऑक्साइड अगदी काटेकोर हवा दिली तरी १२ टक्क्यांच्या आसपासच थांबतो. ३ टक्के ऑक्सिजन असेल तर तो साधारण १० हवा. १३ च्या वरचा आकडा डिझेल बर्नरला शोभतो. कुठल्या तरी डिझेल बर्नरचा अहवाल उतरवून आमचं नाव टाकलं होतं, धूर तपासणारा अ‍ॅनालायझर चिमणीला कधी लागलाच नव्हता.

इथवर पैशांचा मामला. पण गॅस ट्रेन (बर्नरकडे गॅस आणणारी फिल्टर, व्हॉल्व्ह आणि स्विचची लाइन) उघडली तेव्हा मात्र हात थंड पडले. कमी दाबाच्या गॅस प्रेशर स्विचच्या दोन टर्मिनलवर वायरचा छोटा तुकडा मारलेला होता, म्हणजे स्विच असून नसल्यासारखा. गॅस फिल्टर तुंबलेला, त्यामुळे मुख्य व्हॉल्व्ह उघडला की दाब पडायचा आणि स्विच बर्नर बंद करायचा. फिल्टर साफ करण्याऐवजी याने पहारेकऱ्यालाच झोपवलं. (ब्लोअरच्या हवेचा दाब बघणाऱ्या एअर प्रेशर स्विचला त्याने हात लावला नव्हता, कारण बरेच कंट्रोलर सुरू होण्याआधी तो स्विच उघडा आहे ना हे तपासतात, तिथला असा वायरचा तुकडा लगेच उघडा पडतो.) दाब नको इतका घसरला की ज्वाळा अस्थिर होते, बर्नरच्या तोंडात मागे शिरू शकते.

जाब विचारल्यावर उत्तर मिळालं, “हेल्परने टेस्टिंगला लावला असेल, काढायचा राहिला.” आम्ही राहिलेलं बिल रोखलं आणि कंत्राट तोडलं. आधी दिलेले पैसे गेले ते गेलेच.

नंतर दुसऱ्या माणसाने रॉडच्या वायरीत मल्टीमीटर सिरीजमध्ये लावून आमच्यासमोर मोजलं. घासण्याआधी दीड मायक्रोअँपच्या आसपास, तोही डचमळणारा. घासल्यावर आठच्या वर, स्थिर. रॉड पुन्हापुन्हा का माखतो हेही त्यानेच शोधलं: ब्लोअरची हवा पावडरची धूळ उडणाऱ्या कोपऱ्यातून ओढली जात होती. हवेचं तोंड स्वच्छ बाजूला वळवलं, फिल्टर लावला. तेव्हापासून तो लॉकआउट झालेला नाही. कंट्रोलर? तोच, मार्करची तारीख असलेला, अजून चालतोय.

तुमच्याकडे कंट्रोलर बदलायचं निघालं तर आधी फ्लेम करंटचा (रॉडमधल्या त्या प्रवाहाचा) आकडा मागा, काम झाल्यावर पुन्हा मागा, आणि किमान किती हवा ते कंट्रोलरच्या मॅन्युअलमध्ये स्वतः बघा. काढलेला भाग आपल्याकडे ठेवा, बायबॅकचा मोह नको. अहवालावर प्रिंटरची मूळ पट्टी चिकटवलेली हवी. आणि ऑपरेटरला सांगून ठेवा की लॉकआउट झाल्यावर रीसेट दाबत बसायचं नाही. न पेटलेला गॅस आत साठत गेला तर पुढची ठिणगी स्फोट घडवू शकते. सर्व्हिस झाल्यावर गॅस आणि वीज दोन्ही बंद करून प्रेशर स्विचची झाकणं एकदा जाणत्या माणसाकडून उघडून बघा.